चोरट्या मालाला मालकाचे उत्तर

कापडाच्या पेठेत बसणाऱ्याला एक तक्रार रोज ऐकावी लागते. नवे डिझाइन काढावे, चार दुकानांत ते चालावे, आणि महिना उलटायच्या आत त्याचीच नक्कल हलक्या सुतात, कच्च्या रंगात, निम्म्या भावात बाजारात हजर व्हावी. मूळ माल काढणारा डोक्याला हात लावून बसतो. कोणी त्याला पोलिसात जा म्हणतो, कोणी वकील गाठ म्हणतो, कोणी नशीब समजून सोडून दे म्हणतो. चप्पल करणारे, अत्तर भरणारे, जरीकाम करणारे, सगळ्यांचे रडगाणे हेच.

याच दुखण्याची एक परदेशी हकीकत आज आम्ही व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे ठेवत आहोत. ती अमेरिकेतील बँडवाल्यांची आहे. बँड म्हणजे वरातीपुढे वाजणारा बँड नव्हे. चार-सहा जण एकत्र येतात, स्वतःची गाणी बांधतात आणि गावोगाव तिकीट लावून जलसे करतात, त्याला तिकडे बँड म्हणतात. त्यांचे संगीत कसे आहे, ते ऐकावे की नाही, हा या पानाचा विषय नाही. आम्हाला फक्त त्यांचा हिशोब पाहायचा आहे. त्यांच्याही मालाची नक्कल होत होती. त्यांच्या कंपन्या वर्षानुवर्षे नक्कल करणाऱ्यांच्या मागे धावल्या. शेवटी काही बँडवाल्यांनी वेगळाच रस्ता धरला.

गिऱ्हाईक मागत होते, दुकान बंद होते

बँडवाल्याकडे विकायला दोन गोष्टी असतात. एक, स्टुडिओत महिनोन् महिने खपून तयार केलेली तबकडी किंवा सीडी. दुसरी, जलशाचे तिकीट. जलसा रात्री अकराला संपला की तो माल संपला. पण शौकीन माणसाला तीच रात्र हवी असते. त्या रात्री कोणते गाणे लांबले, कोणते पहिल्यांदाच वाजले, लोक कसे ओरडले, हे सारे त्याला घरी घेऊन जायचे असते. कंपन्या ते विकायला तयार नव्हत्या. एकाच बँडच्या खूप तबकड्या काढल्या तर एक दुसरीचा खप मारील, ही त्यांची भीती. शिवाय तबकडीची छपाई मोठ्या संख्येने केली तरच परवडे.

मागणी आहे आणि मालक विकत नाही, असे झाले की तिथे तिसरा माणूस दुकान मांडतो. १९६९ च्या नोव्हेंबरात रोलिंग स्टोन्स या इंग्रज बँडचा अमेरिकेतील ओकलंड शहरात जलसा झाला. श्रोत्यांमधून कोणीतरी तो टेप केला आणि त्याच्या चोरट्या तबकड्या बाजारात आल्या. त्यांचा खप झाला. पुढच्या वर्षी, १९७० मध्ये, कंपनीने त्याच दौऱ्यातील जलशांची अधिकृत तबकडी काढली. अशा चोरट्या ध्वनिमुद्रिकेला तिकडे 'बूटलेग' म्हणतात. बुटाच्या नळीत दारूची बाटली लपवून नेणाऱ्यांवरून हा शब्द आला.

पुढे कंपन्यांनी कोर्टकचेऱ्या केल्या. १९९४ मध्ये अमेरिकेच्या संघ सरकारने कलावंताच्या संमतीशिवाय जलशाचे ध्वनिमुद्रण करून विकण्याविरुद्ध कायदाही केला. तरी धंदा संपला नाही, कारण मागणी तशीच होती. गिऱ्हाईक जास्त पैसे देई, आवाज फाटका मिळे, वेष्टनावरची तारीख कधी कधी खोटी निघे, आणि ज्याने घाम गाळला त्या कलावंताच्या हाती एक पैसा येत नसे. या सौद्यात नुकसान गिऱ्हाइकाचे आणि कारागिराचे, नफा फक्त मधल्याचा.

ग्रेटफुल डेड : देवाणघेवाण चालेल, विक्री नाही

कॅलिफोर्नियात १९६५ मध्ये ग्रेटफुल डेड नावाचा बँड निघाला. तीस वर्षांत त्यांनी २,३०० च्या वर जलसे केले. त्यांची खासियत अशी की रोजचा जलसा वेगळा. कोणती गाणी, किती वेळ, कोणत्या क्रमाने, हे रात्रीगणिक बदले. त्यामुळे एक जलसा ऐकलेला माणूस दुसऱ्यालाही येई, आणि दोन्हींच्या टेप मागे.

लोक मायक्रोफोन घेऊन येऊ लागले. त्यांच्या काठ्यांमुळे मागच्यांना दिसेना, म्हणून कुरबुरी सुरू झाल्या. बँडने त्यांना हाकलून दिले नाही. १९८४ च्या ऑक्टोबरपासून ध्वनियंत्राच्या मागची जागा टेप करणाऱ्यांसाठी राखून ठेवली आणि तिची तिकिटे वेगळी काढली. अट एकच होती : टेप करा, एकमेकांना द्या, पण विकू नका. मग शौकिनांनीच रिवाज पाडला. ज्याला टेप हवी त्याने कोरी कॅसेट आणि परतीचे टपाल तिकीट पाठवायचे, दुसऱ्याने भरून परत पाठवायची. यात कोणी नफा घेत नसे, आणि घेतलाच तर इतर शौकीन त्याला वाळीत टाकत.

व्यापारी माणूस म्हणेल, हा तर घरचा माल फुकट वाटणे झाले. पण हिशोब पाहा. फुकट टेप ऐकून नवा माणूस जलशाला येई आणि तिकीट काढी. या बँडचे एकच गाणे अमेरिकेच्या पहिल्या दहांत गेले, तेही १९८७ मध्ये. तरी १९९० नंतरच्या वर्षांत तिकिटांवर सर्वांत जास्त कमाई करणाऱ्यांत त्याची गणना होत होती.

त्यांनी आणखी एक शहाणपण केले. ध्वनियंत्रावरून सरळ घेतलेल्या स्वच्छ टेपा स्वतःच्या कोठारात जपून ठेवल्या. ते कोठार सांभाळायला डिक लाटव्हाला नावाचा माणूस ठेवला. तो मुळात स्वतःच टेपांचा शौकीन. १९९३ मध्ये त्याच्या पसंतीचा पहिला जलसा 'डिक्स पिक्स' या नावाने विक्रीला आला. तो होता १९७३ च्या डिसेंबरातील, फ्लोरिडातील टॅम्पा शहरातला. २००५ पर्यंत या मालिकेचे ३६ भाग निघाले.

या मालिकेतील एक गोष्ट आमच्या मनात भरली. वेष्टनावर गिऱ्हाइकाला आधीच सांगितलेले असे की हे जुन्या टेपवरून घेतले आहे, आवाजात काही दोष आहेत, पाहून घ्या. मालातला ऐब लपवून विकू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. इथे ऐब सांगूनही माल विकला गेला. किंबहुना ऐब सांगितल्यामुळेच गिऱ्हाइकाने पुढच्या भागासाठी विश्वासाने पैसे टाकले.

बँडचा मुख्य वादक जेरी गार्सिया १९९५ मध्ये वारला आणि त्या नावाने होणारे जलसे थांबले. कोठारातला माल मात्र चालूच राहिला. २०१२ पासून 'डेव्हज पिक्स' ही नवी मालिका वर्षाला चार भाग, ठरावीक प्रती, प्रत्येकीवर क्रमांक, अशा पद्धतीने निघू लागली. २०२४ च्या फेब्रुवारीत तिच्या ४९ व्या भागाने विक्रम केला. अमेरिकेच्या खपाच्या यादीत पहिल्या चाळिसांत आलेले या बँडचे ते ५९ वे प्रकाशन. एल्व्हिस प्रेस्ली आणि फ्रँक सिनात्रा यांची प्रत्येकी ५८ होती. ज्यांच्या जलशांच्या टेपा चाळीस-पन्नास वर्षे फुकट फिरत होत्या, त्यांचीच प्रकाशने या मोजणीत सर्वांच्या पुढे गेली.

पर्ल जॅम : सगळाच दौरा विक्रीला

दुसरे उदाहरण सिएटल शहरातील पर्ल जॅम या बँडचे. त्यांच्या चोरट्या सीडी फार निघत. २००० साली त्यांनी ठरवले की चोर दोन-चार जलसे विकतो, तर आपण सगळा दौराच विकू. त्या वर्षीच्या युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या दौऱ्यातील ७२ जलशांचे संच त्यांनी काढले. पाकीट साध्या पुठ्ठ्याचे, वर गावाचे नाव आणि तारीख, आत दोन सीडी. सजावट नाही, भाव चोरट्या सीडीपेक्षा कमी, आणि आवाज थेट ध्वनियंत्रावरचा.

सप्टेंबर २००० मध्ये युरोपचे २५ संच एकदम बाजारात आले, आणि त्यातले पाच एकाच आठवड्यात अमेरिकेच्या पहिल्या दोनशे खपांत शिरले. असे आधी कोणाचे झाले नव्हते. २००१ च्या सुरुवातीला आणखी सात असेच एकदम शिरले. एकाचा खप दुसरा मारील, ही कंपन्यांची जुनी भीती इथे खोटी ठरली. ज्या गावच्या माणसाने जो जलसा पाहिला त्याला तोच हवा होता. त्याच्या दृष्टीने ती ७२ तऱ्हांची ७२ थाने होती.

मात्र एक जलसा त्यांनी विकला नाही. ३० जून २००० रोजी डेन्मार्कमध्ये रॉस्किल्डे येथे त्यांचा जलसा चालू असताना गर्दी चेंगरली आणि नऊ जणांचा जीव गेला. त्या रात्रीचा संच निघाला नाही. कुतूहलापोटी तो घेणारे खूप मिळाले असते. पण प्रत्येक मागणी पुरी करायची नसते. कोणता माल दुकानात ठेवायचा नाही, हे ज्याला कळते तोच खरा दुकानदार.

दारातच माल हातात

यापुढची पायरी वेळेची. चोरट्या सीडीला काही आठवडे लागत. मालकाने त्याच रात्री माल दिला तर चोराला जागाच राहत नाही. २००३ मध्ये अमेरिकेत दोन-तीन कंपन्यांनी हा धंदा सुरू केला.

त्याची रीत कारागीर बंधूंना आवडेल. ध्वनियंत्रावरून येणारा आवाज आणि सभागृहात लावलेल्या मायक्रोफोनवरून येणारा लोकांचा आवाज, हे दोन्ही जागच्या जागी मिसळायचे. एक माणूस गाणे संपताच खूण करत जातो, म्हणजे प्रत्येक गाणे वेगळे होते. जलसा चालू असतानाच पहिली सीडी भरून तयार होते. दुसऱ्या सीडीचे शेवटचे गाणे संपले की एकावर एक रचलेल्या यंत्रांत एकाच वेळी कितीतरी प्रती निघतात. लोक टाळ्या वाजवून दारापर्यंत येतात, तोवर संच पाकिटात. भाव साधारण २० ते २५ डॉलर. २००४ च्या वसंत ऋतूत पिक्सीज हा बँड बऱ्याच वर्षांनी पुन्हा एकत्र आला, तेव्हा प्रत्येक जलशाचे क्रमांक घातलेले फक्त १,००० संच काढण्यात आले आणि ते हातोहात गेले.

समजुतीसाठी आम्ही एक हिशोब मांडतो, आकडे आमचे आहेत. सभागृहात ३,००० माणसे. दहांतल्या एकाने संच घेतला तर ३०० संच. २० डॉलरने ६,००० डॉलर. यातून कोऱ्या सीडी, पाकिटे, यंत्राचा खर्च, माणसांची मजुरी, सभागृहाचा वाटा आणि गाणे लिहिणाऱ्याचा हक्क वजा करायचा. पण मंच, दिवे, ध्वनियंत्र, प्रवास यांचा खर्च तिकिटावर आधीच निघालेला असतो. कापडात आपण जे कटपिसाबद्दल म्हणतो तेच इथे लागू आहे : मुख्य मालाने भांडवल काढले, आता उरलेल्यातून जे येईल ते नफ्यात.

वाट अडवणाराही येतोच

धंदा चालला की मोठा मासा येतो. क्लिअर चॅनल ही त्या वेळी अमेरिकेतील जलशांच्या धंद्यातील फार मोठी कंपनी. असंख्य सभागृहे तिच्या हातात. जलसा संपताच सीडी देण्याच्या पद्धतीवर २००३ मध्ये कोणालातरी पेटंट मिळाले होते. या कंपनीने ते विकत घेतले आणि २००४ मध्ये इतरांना बजावले की ही पद्धत वापरायची तर आमची परवानगी घ्या. म्हणजे बँड स्वतःचा, गाणी स्वतःची, श्रोते स्वतःचे, पण त्या रात्रीची सीडी त्याच रात्री विकायची तर दुसऱ्याला हिस्सा द्या.

इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने हे पेटंट तपासायला लावले. गाणी चालू जलशातच वेगळी करून सीडी भरणारे यंत्र त्याआधीच बाजारात आलेले होते, हे तिने दाखवून दिले. २००७ मध्ये पेटंट रद्द झाले. यातून घ्यायची गोष्ट अशी की आपल्या कामाची रीत, नमुने आणि तारखा कागदावर ठेवाव्यात. जुने बिल, जुना नमुना, जुनी वही कधी ढाल होईल सांगता येत नाही.

सीडी गेली, धंदा राहिला

फिश नावाच्या बँडने २००२ च्या अखेरीस सीडीलाही मागे टाकले. जलसा झाला की ४८ तासांच्या आत तो संगणकावरून विकत घेऊन उतरवता येऊ लागला. या बँडनेही श्रोत्यांना स्वतः टेप करण्याची मुभा ठेवली होती, ती बंद केली नाही. फुकट टेप आणि विकतचे ध्वनिमुद्रण शेजारी शेजारी नांदले. ज्या मंडळींनी ही व्यवस्था उभारली त्यांची सुरुवात ग्रेटफुल डेडच्या टेपांच्या देवाणघेवाणीतूनच झाली होती. २००४ पासून मेटालिका आणि २०१४ पासून ब्रूस स्प्रिंगस्टीन हेही आपले जलसे याच पद्धतीने विकू लागले. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि जलशाचे चित्रण क्षणात जगभर जाते. तरी स्वच्छ, पूर्ण, तारखेनिशी खरा माल हवा असणारे गिऱ्हाईक पैसे मोजते.

आपल्या माणसांनी हा रस्ता पाहिला नव्हता असे नाही. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या ओरिएंटल स्टार एजन्सीज या दुकानाने १९८० च्या दशकात उस्ताद नुसरत फतेह अली खान यांच्या तिकडच्या मैफली ध्वनिमुद्रित करून कॅसेटवर विकल्या. वतनापासून दूर राहणाऱ्या गिरणी कामगाराला आणि टॅक्सीवाल्याला काय हवे आहे, हे दुकानदाराने ओळखले होते.

आपण यातून काय घ्यावे

पहिली गोष्ट कायद्याची. कव्वाल, गायक आणि त्यांच्या मैफली भरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की भारतातही कलावंताला स्वतंत्र हक्क आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने तो आला आणि २०१२ च्या दुरुस्तीने पक्का झाला. स्वतः ऐकण्यापुरते कोणी टेप केले तर हरकत नाही. पण कलावंताच्या संमतीशिवाय मैफल टेप करून विकता येत नाही. हा हक्क ५० वर्षे टिकतो. ज्यांचा माल नक्षीचा आहे त्यांच्यासाठी २००० चा डिझाइन कायदा आहे. बाजारात आणण्याआधी नोंदणी केली तर १० वर्षे आणि पुढे ५ वर्षे संरक्षण मिळते. नोंदणी जरूर करावी. पण कायदा चोराला अडवतो, गिऱ्हाइकाची गरज भागवत नाही. ती मालकानेच भागवावी लागते.

दुसरी गोष्ट. नक्कल कुठे होते ते पाहून आपली उणीव ओळखावी. लोक नक्कल घेतात ती चोरीच्या आवडीने नव्हे. मूळ माल महाग असतो, उशिरा येतो, त्यांच्या गावात मिळत नाही किंवा मागतात त्या मापात निघत नाही, म्हणून घेतात. भारी साडीच्या डिझाइनची हलकी नक्कल निघणारच असेल, तर त्याच डिझाइनचा साधा माल आपल्याच नावाने, पक्क्या रंगात, आठ दिवसांत आपणच का काढू नये? पर्ल जॅमचे पुठ्ठ्याचे पाकीट म्हणजे दुसरे काय होते?

तिसरी गोष्ट. लहान घाण्याला घाबरू नये. त्यांनी हजार-हजार संच क्रमांक घालून विकले. हातमागावरचा विणकर महिन्याला मोजकेच नग काढतो. त्यावर तारीख, गाव आणि विणणाऱ्याचे नाव घातले तर तो तोटा न राहता ओळख बनते. नकल्या सूत आणि रंग उचलील, पण नाव घालून जबाबदारी घेणे त्याला परवडत नाही.

आता सावधगिरीचा शब्द. ग्रेटफुल डेडला टेपा फुकट फिरू देणे जमले, कारण त्यांची रोटी तिकिटावर होती. ज्याच्याकडे कापडाशिवाय दुसरे काही विकायला नाही, त्याने कापड फुकट वाटू नये. आपली खरी कमाई कशावर आहे आणि कोणती वस्तू फक्त तिची जाहिरात आहे, हे प्रत्येकाने आपल्या वहीत आधी पाहावे. नमुन्याचा तुकडा वाटावा, थान वाटू नये.

आणि वाटा विसरू नये. या सगळ्या हकीकतीत ज्या ठिकाणी कलावंताचा आणि गाणे लिहिणाऱ्याचा हिस्सा ठरलेला होता, तिथे माल वर्षानुवर्षे येत राहिला. आपल्याकडे डिझाइन काढणारा कारागीर ठरावीक मजुरी घेऊन घरी जातो, आणि त्याच नक्षीवर मालक तीन मोसम कमावतो. मग तोच कारागीर पोटासाठी दुसऱ्याच्या दारात तीच नक्षी काढून देतो. त्याला आपण नक्कल म्हणतो आणि चिडतो. खपलेल्या थानामागे त्याला थोडा हिस्सा ठरवून दिला, तर निम्मी नक्कल घरातच थांबेल. व्यापारी बंधूंनी येत्या मोसमाची वही उघडताना एवढा एक रकाना जास्त आखावा, अशी आमची विनंती आहे.